टाकी सोडून निघालेली प्रचारगाडी

अन्याय झाला तो खारवाडीच्या हिराबायवर आणि तिच्या वाडीतल्या झाडून सगळ्या घरांवर. निवडणुकीचा प्रचार संपायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण त्या गाडीचं वेळापत्रक मी छापलं होतं आणि गाडी वाडीसमोर आली तेव्हा माईक माझ्या हातात होता. मला लिहायला शाळेनं नाही, पत्रकांनी शिकवलं. कोणावर, कधी, काय झालं ते पहिल्या दोन ओळींत सांगून मोकळं व्हायचं, नाहीतर वाचणारा त्या कागदात भजी बांधून नेतो. आठवणी लिहितानाही ती खोड जात नाही.

आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी, भातशेतीच्या गावात. दारात विहीर. आम्ही सकाळी जागे व्हायचो ते कप्पीच्या आवाजानं. आई माहेरची दिवेआगरची, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या गोड्या पाण्यावर वाढलेली. तिचा हात पाण्याच्या बाबतीत इतका सैल की तांदूळ चार वेळा धुवायची, अंगणात सडा टाकायची आणि उरलेलं केळीच्या बुंध्यात ओतून द्यायची. विहीर आटेल असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. वालाचं बिरडं सोलायला बसली की कोमट पाण्याची परात शेजारी असायची आणि साली त्या पाण्यात पसरून टाकायला मला फार आवडायचं. पाणी म्हणजे आमच्या घरात बोलायची गोष्टच नव्हती.

दर मंगळवारी हिराबाय यायची. डोक्यावर मिठाची टोपली, काखेला सुकटीची पिशवी. उंच, काळीसावळी, कासोटा गुडघ्याच्या वर खोचलेला, पायांना मिठानं पडलेल्या भेगा. आई आम्हाला तिला मावशी म्हणायला लावायची. टोपली खाली ठेवली की ती आधी दोन तांबे पाणी प्यायची, उभ्यानं, तोंडाला न लावता, डोळे मिटून. मग बसायची.

"पोटात विहीर आहे का गं तुझ्या?" आई विचारायची.

"तुमचेकडं गोड हाय म्हनून पितंय. आमच्याकडं बी पानी लय हाय, वहिनी. चारी बाजूला हाय. पन त्यात मीठ पिकतं."

दोघी हसायच्या. जाताना हिराबाय एक पांढरा कॅन भरून घ्यायची. मिठाची टोपली रिकामी करून पाण्याचा कॅन डोक्यावर घेऊन जाणारी बाई मी लहानपणापासून पाहत आलो आणि ती तो का नेते, हे एकदाही विचारलं नाही. कॉलेजात जाऊन मी भाषणं ठोकत होतो, पण हे विचारायचं सुचलं नाही.

ती यायची कंपनीच्या गाडीनं. या गाडीबद्दल आता सांगायला हवं, कारण तिकडच्या नव्या पोरांना ती होती हेच पटत नाही. मोठ्या रेल्वेच्या स्टेशनापासून खाडीवरच्या कारखान्यापर्यंत कंपनीनं स्वतःचे रूळ टाकले होते. एक इंजिन, तीन डबे, सकाळी एक फेरी, दुपारी एक. गाडी खरी कामगारांसाठी, पण रूळ ज्या ज्या गावाच्या जमिनीतून गेले त्या गावच्या माणसांनी त्यात बसायचं, असा रिवाज पडला होता. तिकीट नव्हतं. कंपनीचा पास नसेल त्यानं गावाचं नाव सांगायचं. गाडीला सुकटीचा, ग्रीसचा आणि बायकांच्या डोक्यावरच्या अबोलीचा वास असायचा. आणि तीन डब्यांच्या मागे एक लोखंडी पाण्याची टाकी असायची, चाकांवरची, दोन्ही अंगांना चार-चार तोट्या असलेली.

ती टाकी खारवाडीची. वाडी मिठागरांच्या मधोमध, खाडीच्या बांधावर. तिथे गोड्या पाण्याचं एकच तळं होतं, ते रुळांच्या भरावाखाली गेलं. तेव्हाच्या साहेबानं वाडीच्या म्हाताऱ्यांना शब्द दिला: तळं घेतलं, रोज पाणी देऊ. कागद नाही, सही नाही. पण गाडी रोज दुपारी वाडीसमोर वीस मिनिटं उभी राहायची. हंडे तासभर आधीच रुळाकडेला रांगेत मांडलेले असायचे. हंडा मांडला की बाईनं उभं राहायची गरज नाही, हंडाच तिची जागा धरायचा. ज्या घरात तान्हं मूल असेल किंवा सुतक असेल, त्या घराचा हंडा रांगेच्या पुढे. यावरून तिथे कधी भांडण झालेलं कुणाला आठवत नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला टाकी फक्त दिसत होती.

मी एकवीस वर्षांचा होतो तेव्हा कंपनीनं गाडी बंद करायचं काढलं. मालगाड्या चालणार, माणसांची बंद. माणसांचा एक डबा आधीच काढून त्या जागी सामानाचा लावला होता, बाकड्यांच्या फळ्या मोडल्या तर बदलत नव्हते, आणि सकाळची फेरी आठवड्यातून चारदाच धावायची. मी पेटलो. खरंच पेटलो. 'गाडी आमच्या जमिनीवर, मालकी तुमची कशी?' हे माझं पहिलं पत्रक. हाताला शाई, बोटांना खळ, घशाला सूज. ते वाचून आमच्या भागातल्या उमेदवारानं मला बोलावलं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पन्नाशीचे, पांढरा लेंगा-शर्ट, मऊ आवाज. म्हणाले, "तुझ्या लिहिण्यात जोर आहे रे. पण जोर नुसता कागदावर किती दिवस ठेवशील?" त्या एका वाक्यात मी त्यांचा झालो. आज कुणी असं बोललं तर मी आधी त्याच्या मागे कोण कोण उभे आहेत ते बघतो.

कल्पना माझीच. गाडी वाचवायची तर प्रचार गाडीतूनच करायचा. बुधवार ते शुक्रवार, दुपारची फेरी. डबे फुलांनी सजवायचे, मागे एक सपाट वाघीण, म्हणजे मालाचा उघडा डबा, जोडून तिच्यावर व्यासपीठ बांधायचं, प्रत्येक थांब्यावर सभा. अण्णा खूश. परवानगीही मिळाली. कंपनीनं गाडी इतक्या सहज कशी दिली, असा प्रश्न तेव्हा एकट्या दामूकाकांना पडला. ते कंपनीच्या यार्डात डबे जोडायचं-सोडायचं काम करायचे, निवृत्तीला आलेले. मंगळवारी संध्याकाळी मी यार्डात गेलो तर ते वाघिणीकडे बघत बिडी विझवून उभे होते.

"भाऊ, चाराच्या वर काय लागनार न्हाय. कारखान्याच्या टोकाला रूळ तेवढाच हाय. दोन डबे, एक सामानाचा, एक टाकी. आता तुमची वाघीण लावायची तर एक कायतरी सोडावं लागंल."

"सामानाचा डबा सोडा."

"त्यात कामगारांचे डबे जातात, औजारं जातात. साहेब सोडू द्यायचा न्हाय."

"मग टाकी सोडा."

"टाकी खारवाडीची हाय. प्यायचं पानी हाय त्यांचं."

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, काका. गाडीच वाचली तर टाकी जन्मभर चालेल ना? तीन दिवस कुठूनतरी आणतील."

"कुठनं?"

ज्याच्या दारात विहीर असते त्याला 'कुठूनतरी' हा शब्द फार सोपा वाटतो. दामूकाका रुळात उतरले आणि कपलिंग सोडलं. लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो आवाज मला सभेच्या टाळ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिला आहे. जाता जाता ते म्हणाले, "वाडीत सांगून तरी ठेवा." मी "हो" म्हटलं. आणि सांगितलं नाही. मंडपवाला थांबला होता, बॅनरवर अण्णांचं नाव चुकलं होतं, मी विसरलो.

बुधवार आणि गुरुवार जत्रेसारखे गेले. पुढच्या डब्यात सनई-ढोलांचा खालूबाजा, मधल्या डब्यात कार्यकर्ते आणि वडापावाच्या टोपल्या, मागे वाघिणीवर अण्णा, दोन पुढारी, आणि माईक घेऊन मी. व्यासपीठाच्या झालरीआड बाटलीबंद पाण्याचे खोके रचलेले होते, कारण उन्हात घसा सुकायचा. प्रत्येक थांब्यावर स्वागत. ते स्वागतही मीच आखलेलं: नऊवारीतल्या पाच बायका, डोक्यावर कलश, कलशात आंब्याची पानं आणि नारळ. कलश आले की अण्णा हात जोडून मान झुकवायचे, फोटो निघायचा, लोकांना बरं वाटायचं. खारवाडीला सभा नव्हती. तिथे मतं थोडी. त्यामुळे दोन्ही दिवस गाडी वाडीसमोरून न थांबता गेली. मी त्या बाजूला तोंडही केलं नव्हतं, आम्ही पुढच्या सभेची नावं जुळवत होतो.

शुक्रवारी ड्रायव्हरनं वाडी यायच्या आधीच वेग कमी केला. लोक रुळांच्या फार जवळ उभे होते. आमच्यातला एक कार्यकर्ता ओरडला, "अण्णा, बघा! न सांगता आल्यात!"

रुळाकडेला बायकांची लांब रांग होती. प्रत्येकीपाशी हंडा. अण्णा उठून पुढे आले, हात जोडले. माझ्या कानाशी म्हणाले, "अख्खी वाडी कलश घेऊन उभी केलीस? शाब्बास. बोल, बोल."

मी बघितलं. हंडे डोक्यावर नव्हते, कमरेवर होते, आडवे, तोंडं आमच्याकडे केलेली. पानं नव्हती, नारळ नव्हते, कुंकवाचं बोट नव्हतं. भरलेला हंडा बाई कशी धरते हे मी जन्मभर आईकडे पाहिलं होतं. हे हंडे रिकामे होते. रांगेच्या पुढे एक पोरगी तान्हं मूल घेऊन उभी होती आणि तिच्या शेजारी हिराबाय. तिनं मला ओळखलं. हात वर करून ती काहीतरी विचारत होती. शब्द बाजाच्या आवाजात बुडाले, पण ऐकायची गरजच नव्हती. ती गाडीच्या शेवटाकडे, जिथे टाकी असायची तिथे बोट दाखवत होती, आणि तिथे मी उभा होतो.

माईक माझ्या हातात होता. 'गाडी थांबवा' एवढे दोन शब्द. ड्रायव्हर थांबला असता, त्याला तर रोजचीच सवय. निदान पायाशी पडलेले खोके खाली ढकलता आले असते. मी म्हणालो, "खारवाडीच्या माताभगिनींनी कलश घेऊन अण्णांचं स्वागत केलेलं आहे! जोरदार टाळ्या!" कार्यकर्त्यांनी झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. त्या हंड्यांत पडल्या. फोटो निघाला. सभेला उशीर होत होता, गाडीनं वेग घेतला.

मी का बोललो नाही, याची मी पुष्कळ वर्षं वेगवेगळी कारणं शोधली. भीती, घाई, वय. खरं कारण लाजिरवाणं आणि लहान आहे. अण्णांनी शाब्बास म्हटलं होतं, आणि मला ते परत द्यायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी शेवटचं पत्रक घरोघर गेलं. पहिल्या पानावर तो फोटो आणि खाली माझी ओळ: 'खारवाडीनं कौल दिला!' अण्णा निवडून आले. टाकी यार्डातच राहिली. गंज काढायचा आहे, तोट्या बदलायच्या आहेत, असं कंपनी सांगत राहिली. मी निकालाच्या गुलालात होतो. दामूकाकांचा फोन आला तो मी उचलला नाही.

तीन मंगळवार हिराबाय आली नाही. तिसऱ्या मंगळवारी आई म्हणाली, "हिरा आजारी आहे का बघून ये. तिचा कॅन इथेच राहिलाय, भरून ने. रिकाम्या हातानं जाऊ नये." आईनं कॅन विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरला, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावला. मी माझ्या मनानं गेलो नाही, आईनं पाठवलं म्हणून गेलो. हे इथे लिहून ठेवतो.

हिराबाय आजारी नव्हती. बांधावरून मोठ्या गावच्या, म्हणजे वाडी ज्या पंचायतीत येते त्या गावच्या, विहिरीवर जायचं, तिथल्या लोकांचं भरून झालं की आपली पाळी, आणि भरती यायच्या आत परतायचं, कारण मधली वाट पाण्याखाली जाते. यात तिचा दिवस संपायचा. मीठ विकायला वेळ कुठला? तिनं मला ओटीवर बसायला सांगितलं. कॅन हातात घेतला, हलवून बघितला, आणि शेजारच्या घरात हाक मारली. गाडीसमोर तान्हं मूल घेऊन उभी असलेली ती पोरगी तांब्या घेऊन आली. आधी तिला दिलं. मग पलीकडच्या म्हाताऱ्याला. मग उरलेला कॅन आत गेला.

आमच्याकडे दारात आलेल्याला गूळपाणी देतात, वैऱ्यालाही देतात. हिराबाय बाहेर आली, माझ्यासमोर बशी ठेवली. बशीत गुळाचा खडा. पाणी नव्हतं. मी वाट पाहिली. ती समोर बसली.

"खा, बाला," ती म्हणाली. "आल्यागेल्याला गूल देतंय. पानी देत न्हाय आता. वाडीनं ठरवलंय."

मी तो गूळ खाल्ला. घशात चिकटला. आई ज्या पाण्यानं अंगण शिंपते तेच पाणी आत कॅनमध्ये होतं, मीच आणलेलं, आणि ते मागायला माझ्याजवळ तोंड नव्हतं.

"मावशी, मला त्या दिवशी कळलं होतं," मी म्हटलं. "हंडे रिकामे होते ते."

"म्हाईत हाय. तू खाली बघितलंस तवाच मला कललं." ती रागानं बोलली नाही, आणि तेच जड गेलं. "आमी दोन दिस वाट बघितली. तिसऱ्या दिशी वाटलं, गाडीवर आपला पोऱ्या हाय, वहिनींचा, तो थांबवील. जाऊ दे. पन तू कागदावर लिव्हलंस ना आमी कलश घेऊन आलो म्हनून? तेवढं खोडून दे. कंपनीचा मानूस तो कागद घेऊन फिरतोय. म्हनतो, टाकी न्हवती तरी तुमी नाचत हुता."

पुढच्या महिन्यात मोठ्या गावच्या पंचायतीच्या कचेरीत सुनावणी झाली. माणसांची गाडी आणि टाकी, दोन्ही बंद करायला कुणाची हरकत आहे का, असा विषय. अण्णांनी आदल्या दिवशी निरोप धाडला: शहाणा असशील तर तिकडे फिरकू नकोस. मी गेलो. कंपनीचा अधिकारी तरुण, नीटस, आवाज न चढवणारा. शनिवार-रविवार किहीमच्या किनाऱ्यावर काढून आल्यासारखा ताजातवाना. त्यानं माझं पत्रक टेबलावर पसरलं. "टाकी सोडून तीन दिवस झाले होते, तेव्हाचं हे छायाचित्र आहे. ग्रामस्थ स्वागताला उभे आहेत. अडचण असती तर असे उभे राहिले असते का?"

हिराबाय उठली. "सायेब, आमी स्वागताला न्हाय, पान्याला उभ्या हुतो."

"खाली वाचा ना, बाई. कलश लिहिलंय."

"मला वाचता येत न्हाय. ज्यानं लिव्हलंय त्याला इचारा."

मी उभा राहिलो. ते मी लिहिलं, ते खोटं आहे, हंडे रिकामे होते, टाकी माझ्या सांगण्यावरून सुटली, असं सगळं सांगितलं. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तेव्हा खोटं छापलंत, की आज खोटं बोलताय? आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

छापलेल्यावर ठेवला. इतिवृत्तात 'एका व्यक्तीनं तोंडी हरकत घेतली' एवढं आलं आणि पत्रक पुराव्याला जोडलं गेलं. वाडीच्या म्हाताऱ्यांना दिलेला शब्द तोंडी होता म्हणून टिकला नाही. माझं खोटं छापील होतं म्हणून टिकलं. उन्हाळा संपायच्या आत गाडी बंद झाली. कंपनीला इतका आयता कागद कुणी आणून दिला असता?

मी पक्ष सोडला, पत्रकं सोडली नाहीत. आता मी बत्तीस वर्षांचा आहे. रुळांवर कांदळवन चढत चाललं आहे. वादळात खारवाडीचे पत्रे उडाले, ते परत बसले. ती तान्ही पोर आता पाचवीत आहे आणि शाळेआधी आईबरोबर विहिरीवर जाते, भरतीची वेळ तिला घड्याळाशिवाय सांगता येते. हिराबायचे गुडघे गेले. ती बांधावर बसून पोरींची परतायची वाट बघते.

मोठ्या गावात घरोघर नळ आला आहे. तो बांधाच्या अलीकडे येऊन थांबला. तिथून वाडीपर्यंत पाइप टाकायचा ठराव दर ग्रामसभेत हिराबाय मांडते आणि दर वेळी पडतो, कारण खारवाडीचे हात थोडे आणि मोठ्या गावातले लोक मांडीवर हात ठेवून बसतात. आमच्या नळाची धार बारीक होईल, म्हणतात. ते वाईट लोक नाहीत. मी पण नव्हतो.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही मोठ्या गावचे असाल तर येत्या ग्रामसभेला घरी बसू नका. नसाल, तर तुमच्याही पंचायतीला नळ न पोचलेली एखादी वाडी जोडलेली असेल. तिचं नाव ठाऊक नसेल तर आज विचारून घ्या. सभेला जा, पुढच्या रांगेत बसा, त्या वाडीच्या पाण्याचा ठराव आला की हात वर करा, आणि ग्रामसेवक तो मोजून इतिवृत्तात लिहीपर्यंत खाली घेऊ नका.